डावा काठ

आमच्या भागातल्या एका शाळेच्या सभागृहात, दारातून शिरल्यावर उजव्या हाताच्या भिंतीवर, हातभर लांबीची एक सुती पट्टी काचेच्या चौकटीत लावलेली होती. पांढऱ्या सुतात हिरव्या आणि जांभळ्या रेघा. खाली माझ्या नातवाचं नाव आणि त्याचं तेव्हाचं वय. एखादी आई नुकतंच आपल्या लेकराचं निदान ऐकून, डोळे सुजवून आलेली असली की उन्हाळी शिबिर चालवणाऱ्या ताई तिला हात धरून त्या पट्टीसमोर नेऊन उभं करायच्या. म्हणायच्या, "पाहा, हा पोट्टा बोलत नाही, एका जागी बसत नाही. पण हे त्यानं केलं."

ते त्यानं केलं नव्हतं. मी केलं होतं. आणि त्या पट्टीपायी आमच्या घराचे जवळजवळ दोन उन्हाळे कसे गेले, हे सगळं माहीत असलेला माणूस एकटा मीच होतो. आता थोडं पहिल्यापासून सांगतो.

आम्ही मूळचे उमरेडचे. वडील हातमागावर लुगडी विणायचे. विशीपर्यंत मीही मागावर बसलो. मग सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली, नागपूरला आलो, आणि कचेरीतल्या कोणाला मी विणकराचा मुलगा आहे हे कधी कळू दिलं नाही. वडील गेल्यावर माग मीच मोडला. त्याची लाकडं घरात जळणाला गेली. आडवा धागा नेणारा एक धोटा तेवढा राहिला, तोही ठेवला म्हणून नाही, तर जुन्या पेटीच्या तळाशी विसरला म्हणून.

वडिलांची एकच शिकवण हातात राहिली होती. ते म्हणायचे, "कापडाचा पदर गिऱ्हाईक पाहते, काठ विणकर पाहते." आडवा धागा काठाशी वळताना जराही सैल राहिला की धोट्याचं टोक बोटांच्या सांध्यावर बसायचं. पाऊणशे वय झालं तरी उजव्या हाताचे ते सांधे मला अजून आठवतात. काठ सैल सोडणं म्हणजे आमच्याकडे चूक नव्हती, बेइज्जती होती.

माझा मुलगा खापरखेड्याच्या वीज केंद्रात आहे. त्याची ड्यूटी पाळ्यांची, म्हणून अर्धे दिवस तो भर दिवसा झोपलेला. सून धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या औषध दुकानात काम करायची. बायको नातू जन्मायच्या आधीच गेली. नातू स्वमग्न आहे. बोलत नाही. आनंद झाला की हात फडफडवतो, त्रास झाला की मनगट चावतो. बाकी वर्ष त्याची विशेष मुलांची शाळा असते. एप्रिलच्या मध्यात ती बंद होते आणि जून संपेपर्यंत उघडत नाही.

ते दिवस ज्याच्या घरी असं मूल आहे त्यालाच कळतात. नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळी दहाला दार लागतं ते दिवे लागायच्या वेळी उघडतं. खिडक्यांना पडदे, कूलर सुरू, आणि आत एक मूल, ज्याला धावल्याशिवाय श्वास घेता येत नाही. तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावायचा. बाजूच्या खोलीत बाप रात्रपाळी करून झोपलेला. सून दबक्या आवाजात "हळू रे, हळू रे" म्हणत त्याच्या मागे. थकला की तो कूलरच्या ताटीला गाल लावून उभा राहायचा. ओल्या गवताचा वास घेत, पंख्याच्या घरघरीसोबत आपणही हुंकार भरत. घरात तेवढीच शांतता.

सुनेनं शिबिरं शोधली नाहीत असं नाही. स्केटिंगवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं. "मॅडम, बाकी पेरेंट्स कम्प्लेंट करून राहिले." पोहण्याच्या टाक्यावरचा शिक्षक म्हणाला, "आधी याले सांगितलेलं समजलं पाहिजे. पाण्याचं काम आहे."

"त्याले पाणी समजते, भाऊ," सून म्हणाली. "तुम्हीच नाही समजून राहिले."

असं बोलून ती गाडीवर बसली, त्याला पुढ्यात घेतलं आणि घरी येईपर्यंत रडली, हे तिनं मला फार नंतर सांगितलं.

मग हे शिबिर सापडलं. चालवणाऱ्या ताईंचा स्वतःचा मुलगा ऐकू न येणारा. आता मोठा होऊन कामाला लागलेला. एका शाळेच्या संस्थेनं त्यांना सुट्टीपुरतं सभागृह आणि मागचं अंगण दिलं होतं. सकाळी लवकर सुरू, ऊन तापायच्या आत बंद. नियम एकच होता: मूल सोडून जायचं नाही, घरातलं कोणीतरी मोठं सोबत राहिलं पाहिजे, आणि त्या मोठ्यानंही काहीतरी करायचं. अंगणात पाण्याचे मोठे टब मांडलेले. कोणी भिंतीवर पाण्यानं चित्रं काढतंय, ती वाळली की पुन्हा काढतंय. आजूबाजूच्या वस्तीतली धडधाकट पोरंही टबांच्या लोभानं यायची. ताई त्यांना अडवत नसत. म्हणायच्या, "या, पण एकट्यानं डुबक्या नाही मारायच्या. एक दोस्त सोबत पाहिजे." एक दिवस गव्हाचा चीक शिजवून कुरड्या घालायचं ठरलं. अर्धा चीक पोरांनी साच्यात जाण्याआधीच बोटांनी खाल्ला.

तिथल्या आयांची बोलणी ऐकून मी आधी हबकलो होतो. एका मुलीच्या पायांत बळ नव्हतं, ती चाकाच्या खुर्चीत असायची. तिची आई पहिल्याच दिवशी माझ्या सुनेला म्हणाली, "माझी चालत नाही, तुझा थांबत नाही. दोघांले एकत्र बांधून टाकू नं वं, एक बरोबर पोट्टं होईल."

सून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिला तसं हसताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. आणि खरंच तसं झालं. नातवाला चाकं आवडायची. तो त्या मुलीची खुर्ची ढकलत सभागृहभर फिरवायचा आणि ती ओरडायची, "फास्ट, अजून फास्ट!" त्या गोंगाटात तो हात फडफडवत राहायचा. मनगट एकदाही चावलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे आम्ही सगळे हेच विसरलो.

सुनेची दवाखान्यात दुपारची पाळी होती, पण सकाळीही तिची ओढाताण व्हायची, म्हणून मी जाऊ लागलो. ताईंनी विचारलं, "काकाजी, तुम्हाले काय येते?"

"काही नाही," मी म्हणालो. "मी कारकून होतो."

सून निघता निघता थांबली. "बाबा पहिले विणत होते, ताई. ते सांगणार नाही."

त्या दुपारी मी जुन्या कूलरच्या ताटीतलं गवत आणि जाळी काढली. लाकडी चौकट राहिली. वर-खाली बारीक खिळे ठोकले, उभे धागे ताणले, पेटीतला धोटा काढून पुसला. आडवा धागा दाबायला घरातलीच लाकडी फणी घेतली. दुसऱ्या दिवशी सभागृहात चौकट टेकवली तेव्हा नातू लांबून आला, वाकला आणि त्यानं चौकटीच्या लाकडाला गाल लावला. कूलरचं लाकूड त्यानं ओळखलं होतं. मग तो माझ्याजवळ बसला. तो बसला, हीच बातमी होती.

मी त्याचा हात धरून धोटा एका धाग्यावरून, एका धाग्याखालून नेला. तिसऱ्या-चौथ्या फेरीला त्यानं माझा हात बाजूला केला. उजव्या काठाशी तो नीट वळायचा. डाव्या काठाशी आला की धागा सैल सोडायचा, त्याचं एक कडं करायचा, त्यात पहिलं बोट घालायचा, जरा वेळ हुंकार भरायचा, बोट काढून घ्यायचा आणि परत निघायचा. प्रत्येक वेळी. उजवीकडून निघाला की डावीकडे आपलं बोट ठेवायला एक जागा आहे, एवढं पक्कं असल्यासारखा. मी ते कडं ओढून घट्ट करू लागलो की तो माझा हात ढकलायचा. चिडून नाही, माशी हाकलावी तसा.

शिबिराच्या शेवटापर्यंत हातभर पट्टी झाली. मधला भाग बराच बरा. पण डावीकडे सगळी कडीच कडी, उसवलेल्या झालरीसारखी. खुर्चीतल्या मुलीची आई म्हणाली, "काय सुंदर दिसून राहिलं, काकाजी!" मला वाटलं ती समजूत घालतेय.

शेवटच्या दिवशी मुलांनी केलेल्या वस्तू मांडायच्या होत्या. संस्थेचे एक मोठे गृहस्थ येणार होते. सभागृह पुढल्या वर्षी द्यायचं की नाही, हे ते पाहून ठरवणार होते. ताई आदल्या दिवशी म्हणाल्या, "काकाजी, त्या माणसाले वाटते आपण इथं नुसतं पाण्यात खेळवून राहिलो. तुमच्या नातवाची पट्टी समोर ठेवते. इज्जत राखली पाहिजे."

त्यांनी इज्जत हा शब्द सहज वापरला असणार. माझ्या सांध्यांवर तो धोट्यासारखा बसला.

त्या दुपारी सून रजा टाकून नातवाला धंतोलीत वाचाउपचाराला घेऊन गेली होती. मुलगा ड्यूटीवर. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. कूलर लावून मी पट्टी मांडीवर घेतली. आधी वाटलं नुसती कडी ओढून घेऊ. पण ओढली की मधला भाग आवळत होता, तेव्हा मी सगळा आडवा धागा उसवला. धाग्यात जिथे जिथे त्याचं बोट बसलं होतं तिथे तिथे बाक राहिला होता. पाण्याचं बोट फिरवून मी ते बाक मोडले. मग पुन्हा विणायला बसलो. पन्नास वर्षांनंतर हात चालला, आणि कसा चालला! काठ सुतासारखा सरळ. खरं सांगतो, ती दुपार मला सुखाची गेली.

झाल्यावर पाहिलं तर पट्टी फारच नीट दिसत होती. लहान मुलाची वाटेना. म्हणून थोडं उसवून मी दोन-तीन ठिकाणी मुद्दाम धागा चुकवला. पण मधल्या भागात. काठावर चुकवायला हात धजला नाही.

घरी आल्यावर सुनेनं पाहिलं. "वा! उजेडात वेगळंच दिसून राहिलं, बाबा. तुम्ही काही केलं काय?"

"जरा ताणून घेतलं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर ती पट्टी मधोमध ठेवली होती. ते गृहस्थ आले, त्यांनी ती हातात घेतली. "या मुलानं केलं? स्वतः?" ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी जिथे मी धागा चुकवला होता तिथे बोट ठेवलं आणि सोबतच्या माणसाला म्हणाले, "पाहा, इथं चुकलं आहे. म्हणजे खरंच त्यानं केलेलं आहे." आणि तिथल्या तिथे सभागृह पुढल्या वर्षी देण्याचं कबूल केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या संपल्यावर नातू आला. मुलीची खुर्ची ढकलत आला होता, खुशीत होता. त्यानं पट्टी पाहिली आणि खुर्ची सोडली. सरळ डाव्या काठावर बोट ठेवलं आणि खालपर्यंत फिरवलं. पुन्हा वर आला, पुन्हा खालपर्यंत. मग पट्टी उलटी केली आणि मागच्या बाजूनं शोधलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. तो कोणाच्या डोळ्यांत पाहत नाही, पण तेव्हा पाहिलं.

मग तो ओरडला. टेबलावर डोकं आपटलं, मनगटातून रक्त काढलं, चादर ओढली, सगळ्या मुलांच्या वस्तू खाली आल्या. सुनेनं त्याला कवेत धरून बाहेर नेलं तेव्हा तिची ओढणी फाटली होती. लोक बाजूला सरकले. ताई म्हणाल्या, "गर्दी सहन नाही झाली त्याले. चूक माझीच, एवढे लोक बोलावले."

"टाळ्यांचा आवाज," कोणीतरी म्हणालं.

मी तिथेच उभा होतो. "हो," मी म्हणालो. "गर्दी."

एवढा एक शब्द. तो मी दुसऱ्या दिवशी मागे घेऊ शकलो असतो. पण दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला की पट्टी चौकटीत लावायची आहे. त्या रडत होत्या, म्हणत होत्या की हिच्यामुळे शिबिर वाचलं. आता काय बोलणार, असं मी स्वतःला म्हटलं. हीच सबब पुढे रोज वापरली.

धंतोलीतल्या डॉक्टरांना सुनेनं झालं ते सांगितलं. गर्दीत असं असं झालं, डॉक्टर. ते म्हणाले, मग काही काळ गर्दी टाळा. त्यांचं काय चुकलं? आम्ही जे सांगितलं त्यावर त्यांनी सांगितलं, आणि आम्हाला जे माहीत होतं ते माझं खोटं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात ताईंनी बोलावलं तेव्हा सून म्हणाली, "नको ताई. त्याले गर्दी झेपत नाही." मी शेजारी बसून तांदूळ निवडत होतो. निवडत राहिलो.

तो उन्हाळा कसा गेला ते मला नीट लिहिता येणार नाही. नातू वाढला होता, ताकद आली होती. सकाळी शिबिराच्या वेळेला तो चपला घालून दाराशी उभा राहायचा. दाराला कुलूप. मग डोकं आपटायचा. आम्ही दाराजवळच्या भिंतीला गादी बांधली. मुलगा पाळी करून आला की उशीखाली कान दाबून झोपायचा आणि एकदा उठून आपल्याच बायकोवर ओरडला, "तुले एवढंही होत नाही काय?" मग स्वतःच गादीवर डोकं टेकून बसला. त्या उन्हाळ्यात सुनेनं नोकरी सोडली. तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं, तेव्हा ती गेली नाही. नातवाला नेता येत नाही म्हणून. फोनवर मंगलाष्टकं ऐकली. कधी कधी ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. एका दुपारी कूलरमध्ये पाणी टाकता टाकता मला म्हणाली, "बाबा, मी मेली तर याचं काय हो?" असं विचारलं, जसं काही संध्याकाळी भाजी काय करू.

तेव्हाही मी बोललो नाही. चौकट मी बाहेर काढली, नवे धागे ताणले, त्याच्यासमोर ठेवली. वाटलं, तो पुन्हा विणायला लागला तर सगळं आपोआप मिटेल, सांगायची गरजच पडणार नाही. त्यानं चौकट उचलून दाराबाहेर नेऊन ठेवली. मी आत आणली की तो पुन्हा बाहेर ठेवायचा.

यंदाही त्याला शिबिरात नेलं नव्हतं. मे महिन्यात गॅसवाला आला तेव्हा दार उघडं राहिलं. भर दुपार. सून पैसे आणायला आत गेली तेवढ्यात नातू निघून गेला, अनवाणी. आम्ही दोघं दोन दिशांना धावलो. धावलो म्हणजे ती धावली, मी चाललो. पानठेल्यावाल्याला विचारलं, रसवंतीवाल्याला विचारलं. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. मला एकच दिसत होतं, त्याचे पाय.

तो सापडला त्या शाळेच्या फाटकाशी. त्या दिवसाचं शिबिर कधीच सुटलं होतं. आत अंगणात टब पालथे घातलेले होते आणि तो फाटकाच्या सळ्यांमधून चेहरा घालून त्या टबांकडे पाहत होता. चौकीदारानं त्याच्या पायाखाली ओलं पोतं टाकलं होतं. म्हणाला, "हटतच नाही हा. आत घ्या म्हणते बहुतेक." तळपाय भाजून फोड आले होते. तो रडत नव्हता. टबांकडे बघत हुंकार भरत होता.

धंतोलीत पट्ट्या बांधायला नेलं. आत त्याचा बाप त्याला धरून होता, तो खापरखेड्याहून तसाच कामाच्या कपड्यांत आला होता. आम्ही दोघं बाहेरच्या बाकड्यावर. शेजारी पारशिवनीकडची एक म्हातारी आपल्या कुणाची तरी वाट पाहत बसली होती. तिनं आपली पाण्याची बाटली सुनेच्या हातात दिली.

सून म्हणाली, "मले एक समजून नाही राहिलं, बाबा. तो तिकडे काहून गेला असंल? तिथंच तर त्याले एवढा त्रास झाला होता. गर्दीचा."

मी म्हणालो, "गर्दीचा नव्हता झाला."

आणि सांगितलं. कडी, बोट, ओल्या हातानं मोडलेले बाक, मुद्दाम केलेल्या चुका. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मध्ये एकदा म्हणाली, "तुम्ही काय म्हणून राहिले, बाबा?" म्हणून मला सगळं दुसऱ्यांदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण होतं.

ती ओरडली नाही. मला वाटत होतं ती ओरडेल, म्हातारीसमोर, सगळ्यांसमोर; बरं झालं असतं. तेवढ्यात परिचारिकेनं हाक मारली आणि ती उठून आत गेली. परतताना ऑटोत नातू तिच्या मांडीवर पाय टाकून बसला होता. ती रस्त्याकडे पाहत म्हणाली, "मी माझ्या भावाच्या लग्नाले गेली नाही."

घरी मुलाला तिनंच सांगितलं. तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "काठच होता नं तो, बाबा," म्हणाला. "राहू द्यायचा होता." आणि गेला. त्याला मागाचं काही माहीत नाही. मीच कधी सांगितलं नव्हतं.

चार दिवसांनी सून नातवाला शिबिरात न्यायला निघाली. मीही सदरा घातला. ती चप्पल घालता घालता म्हणाली, "तुम्ही येऊ नका, बाबा." आवाज चढवला नाही. मी सदरा काढून ठेवला.

त्या सकाळी मी घरात एकटा होतो. कूलर बंद ठेवला. रस्त्यावरचा प्रत्येक आवाज त्याच्या ओरडण्यासारखा वाटत होता. मी किती विचित्र जागी बसलो होतो ते सांगतो. तो गर्दीत ओरडला असता तर माझी अर्धी चूक पुसली गेली असती. तो ओरडला नसता तर ती पूर्ण माझी होती. आणि मी हात जोडून बसलो होतो की तो ओरडू नये.

ऊन चढल्यावर ते आले. नातवाचा शर्ट ओला होता, केसांतून पाणी गळत होतं. तो सरळ कूलरकडे गेला, बंद आहे हे पाहून त्यानंच बटण दाबलं आणि ताटीला गाल लावला.

"नाही ओरडला," सून म्हणाली. माझ्याकडे न बघता सांगत होती, पण सांगत होती. "पायाच्या पट्ट्यांपायी ताईंनं त्यालेही खुर्चीत बसवलं. ती पोट्टी त्याले ओळखून राहिली होती. तिच्या भावानं दोघांच्या खुर्च्या ढकलल्या. तिची आई म्हणे, 'पाह्य वं, आता तुझाही थांबला. दोघंही चाकावर आले.' पन्नास तरी माणसं असतील. टाळ्या वाजवल्या, गाणी म्हणली. काही नाही झालं त्याले. ताईंनं त्याच्यासमोर सुताचा गुंडा ठेवला होता. तो त्यानं उचलला अन् दाराबाहेर नेऊन ठेवला."

मग तिनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या मांडीवर ठेवलं. मी कागद उलगडला. काचेची चौकट. आत पट्टी, खाली त्याचं नाव.

"ताईंले सगळं सांगितलं मी," ती म्हणाली. "भिंतीवर जागा रिकामी झाली तर होऊ दे म्हणे. हे तुमचं आहे, बाबा. ठेवा."

ती आत त्याचे कपडे बदलायला गेली. उद्यापासून ती त्याला रोज नेणार आहे, हे ती आतून त्यालाच सांगत होती.

त्याच्या नावाचा कागद मी त्याच दिवशी चौकटीतून काढला. पट्टी तशीच आहे. उसवून त्याच्यासारखी कडी करून पाहावी म्हणून एकदा धागा सैलही केला, पण माझं बोट जाड आहे, आणि हात काठाशी आला की आपोआप ओढून घेतो. आता ती खिडकीत ठेवली आहे. येता-जाता नातू तिच्यावरून नजर फिरवतो आणि कूलरकडे जातो. काठ अजून सरळ आहे. उन्हात तर फारच सरळ दिसतो.